धागा: कॉलनीच्या बागेसाठी निधी येतोय. रहिवाशांना काय विचारायचं आणि आधी काय करून घ्यायचं? (जुळे सोलापूर)

जुळे_सोलापूरकर
नमस्कार मंडळी. आमच्या लेआउटमधली मोकळी जागा साधारण ३० गुंठे आहे. कडेने चालायचा रस्ता आहे, पण पेव्हर खाली-वर झालेत. मधलं लॉन वाळून गेलंय. एक मोडका झोका, एक पत्र्याची घसरगुंडी, एक बोअर आणि दहा-बारा मोठी झाडं, त्यात कडुनिंब, सुबाभूळ आणि दोन गुलमोहर. सुधारणेसाठी निधी मिळण्याची चिन्हं आहेत आणि अंदाजपत्रक तयार होण्याआधी रहिवाशांचं म्हणणं लेखी मागितलंय. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर विचारलं तर यादी आली ती अशी: नवं लॉन, कारंजं, ओपन जिम, सेल्फी पॉइंट, हायमास्ट दिवा. हीच यादी द्यायची, की अजून काही करता येईल? पावसाळ्याला चार महिने आहेत.

पेठेतली
दादा, ही यादी तशीच देऊ नका. "बागेत काय पाहिजे?" असं विचारलं की लोक दुसऱ्या बागेत पाहिलेल्या वस्तूंची नावं सांगतात. "बागेत कधी येता, किती वेळ थांबता, कुठल्या कोपऱ्यात जायचं टाळता, येत नसाल तर कशामुळं?" असं विचारलं की अडचण कळते. वस्तू ठरवणं नंतरचं काम.

पद्धत सांगते. आधी मोजणी. कामाचा एक दिवस आणि एक रविवार घ्या. सकाळी ६ ते ८, दुपारी ११ ते १ आणि संध्याकाळी ५ ते ८, दर अर्ध्या तासानं एक फेरी मारायची आणि कागदावर रकाने करून रेघा ओढायच्या: लहान मुलं, मुली, तरुण मुलगे, बायका, पुरुष, साठीच्या पुढचे. त्याच वेळी बागेच्या नकाशाच्या झेरॉक्सवर माणूस कुठं बसलाय तिथं टिंब द्यायचं. दोन दिवसांचे कागद शेजारी ठेवले की कोण येत नाही ते दिसतं, आणि तेच महत्त्वाचं असतं. बहुतेक बागांत १२ ते १८ वयाच्या मुली आणि दुपारच्या वेळी बायका जवळजवळ नसतात. गड्डा यात्रेच्या दिवसांत मोजणी करू नका, संध्याकाळची गर्दी तिकडं वळलेली असते आणि आकडे फसवे येतात.

मग सभा. रविवारी सकाळी दहाला खुर्च्या मांडून घेतलेल्या सभेला निवृत्त पुरुष मंडळी येतात. त्यांचं म्हणणं चुकीचं नसतं, पण ते एकट्याचं असतं. त्यापेक्षा फाटकाशी टेबल मांडा, तीन वेगवेगळ्या वेळी. बागेचा नकाशा चार बाय तीन फुटांच्या फ्लेक्सवर छापून घ्या आणि टिकल्यांची पाकिटं ठेवा: इथं बसायला आवडतं तिथं हिरवी टिकली, इथं नको वाटतं तिथं लाल. लिहिता न येणाऱ्यालाही हे जमतं. फॉर्म मराठीसोबत तेलुगू, कन्नड आणि उर्दूत करा. तुमच्याकडं कदाचित मराठीवर भागेल, पण शहराच्या पूर्व भागात नुसत्या मराठी फॉर्मवर अर्धी घरं उत्तरच देत नाहीत. विडी वळणाऱ्या बायका दुपारी घरीच काम करत बसलेल्या असतात, त्यांच्याकडं आपण जायचं, त्यांना बोलवायचं नाही. यंत्रमागावरच्या माणसाला पाळी सुटल्यावरच गाठायचं.

घरोघरीचा फॉर्म दर पाचव्या घरी. चार प्रश्नांपेक्षा जास्त नको.

मुरूम
पेव्हर खाली-वर का झाले ते आधी समजून घ्या, नाहीतर नवे बसवून तीन पावसाळ्यांत तेच होईल. आपली काळी माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून हातभर भेगा पडतात. वरचा पेव्हर कितीही चांगला घेतला तरी खालची काळी तशीच असेल तर तो हलणारच. अंदाजपत्रकात "जुने पेव्हर काढून नवे बसविणे" एवढीच ओळ असेल तर हरकत घ्या.

वाटेचा छेद, म्हणजे खालपासून वरपर्यंतचे थर, असा मागा. काळी माती ४५ सेंटिमीटर खणून बाहेर काढायची. ती तिथंच पसरायची नाही, झाडांच्या आळ्यांसाठी बाजूला ठेवायची. तळ रोलरनं दाबायचा. मग मुरूम १५ सेंटिमीटरच्या दोन थरांत, प्रत्येक थर पाणी मारून रोलरनं दाबलेला. दोन्ही थर एकदम टाकून वरून एकदाच रोलर फिरवला तर खालचा थर पोकळ राहतो. त्यावर १० सेंटिमीटर खडीचा थर, ३ सेंटिमीटर कच (दगडाचा बारीक चुरा), आणि ६ सेंटिमीटर जाडीचे पेव्हर. बेरीज ४९ होते, म्हणजे रस्ता जमिनीपासून चार सेंटिमीटर वर राहतो आणि त्याच्यावर पाणी थांबत नाही. दोन्ही कडांना काँक्रीटमध्ये बसवलेला कर्ब, म्हणजे कडेचा दगडी काठ, हवाच. कर्ब नसेल तर कडेचे पेव्हर बाहेर सरकतात, सांधे उघडतात, कच वाहून जातो आणि मधला भाग बसतो. आडवा उतार दोन टक्के, म्हणजे १.८ मीटर रुंदीला साडेतीन सेंटिमीटर.

आणि सगळीकडं पेव्हर कशाला? रोज पाच-सहा फेऱ्या मारणाऱ्यांच्या गुडघ्यांना दाबलेल्या मुरुमाची वाट बरी. फाटकापासून बाकांपर्यंत आणि खेळण्यांपर्यंत पेव्हर ठेवा, कारण तिथं व्हीलचेअर, काठी आणि बाळाची गाडी येते. बाहेरचा फेरा मुरुमाचा करा. खर्च बराच उतरतो. मुरुमाला दर पावसाळ्यानंतर नवा हात आणि उन्हाळ्यात धुळीसाठी संध्याकाळी पाण्याचा शिडकावा लागतो, तेवढं मान्य असेल तरच.

बहावा
लॉन आणि कारंजं कापा. हिशेब मांडतो.

३० गुंठ्यांपैकी १० गुंठ्यांवर लॉन धरलं तर ते साधारण १००० चौरस मीटर. एप्रिल-मेच्या सोलापुरी उन्हात गवत हिरवं ठेवायला दिवसाला ६ ते ७ मिलिमीटर पाणी लागतं. म्हणजे रोज ६ ते ७ हजार लिटर, पाच हजार लिटरच्या एका टँकरहून जास्त. रोज. ज्या शहरात घरचा नळ काही दिवसांच्या अंतरानं येतो आणि पाणी उजनीहून शंभरावर किलोमीटर पाइपातून आणलं जातं, तिथं हे पाणी मागणंच बरोबर नाही, आणि मागितलं तरी मिळणार नाही. तुमचं आत्ताचं लॉन त्यामुळंच गेलं असणार. माळी बदलून ते परत येत नाही.

तेच ४० नवी झाडं धरा. पहिल्या दोन उन्हाळ्यांत दर तिसऱ्या दिवशी झाडामागं २० लिटर, म्हणजे तीन दिवसांत ८०० लिटर. हे बोअरवर भागू शकतं. बोअरची मोजणी एप्रिलच्या शेवटी करा, आत्ता नको. २०० लिटरचं पिंप ठेवून भरायला किती मिनिटं लागतात ते बघा, आणि मोटर तासभर चालल्यावर परत मोजा. पहिल्या पिंपाला १० मिनिटं आणि तासाभरानं २५ मिनिटं लागली तर तुमच्या हातात दुसरा आकडा आहे, पहिला नाही.

मोकळी जागा हिरवी दिसावी असं लोकांना वाटतं, ते रास्तच आहे. त्यासाठी सावलीखालचा एखादा दीड-दोन गुंठ्यांचा तुकडा ठेवा, बाकी जागी स्थानिक गवत पावसाळ्यात आपोआप येतं. उन्हाळ्यात ते पिवळं पडतं आणि पहिल्या पावसात परत हिरवं होतं. नान्नजच्या माळढोक अभयारण्याचा माळ असाच आहे. पिवळं म्हणजे मेलेलं नव्हे, हे बागेतल्या फलकावर लिहून ठेवा.

झाडं: कडुनिंब, करंज, बहावा, आपटा, कांचन, शिरीष. कडेला एखादी चिंच आणि एक वड, पण वड रस्त्यापासून आणि भिंतीपासून लांब. सप्तपर्णी, कोनोकार्पस, निलगिरी नको. गुलमोहर आहेत ते राहू द्या, पण त्यांच्याखाली बाक किंवा खेळणी नकोत, वादळात त्याच्या फांद्या सहज मोडतात.

खड्डे मे महिन्यातच घ्या, एक मीटर लांब-रुंद-खोल, आणि उन्हात तापू द्या. काळ्या मातीत नुसता गुळगुळीत खड्डा घेऊन त्यात मऊ माती भरली तर पावसात त्याचं डबकं होतं आणि मुळं कुजतात. म्हणून खड्ड्याच्या बाजू पहारीनं खरवडा, तळाशी मुरूम फुटेपर्यंत जा. भरताना काळी माती दोन वाटे, कुजलेलं शेणखत किंवा साखर कारखान्याचं कुजवलेलं प्रेसमड (उसाच्या रसाचा गाळ) एक वाटा, जाड वाळू किंवा बारीक मुरूम एक वाटा. प्रेसमड ताजं असेल तर गरम असतं, मुळं भाजतात.

लावणी पहिल्या सरीला नको. माती फूटभर ओली झाली की करा. आपल्याकडं जून-जुलैचा पाऊस बेभरवशाचा, मधे मोठी उघडीप असते आणि जोर सप्टेंबरात. त्यामुळं जुलै-ऑगस्टसाठीही पाण्याची सोय हातात असली पाहिजे. आळ्यात उसाचं पाचट चार इंच टाका, जिल्ह्यात त्याला तोटा नाही. खोडापासून वीतभर लांब ठेवा, नाहीतर वाळवी खोडाला लागते.

जुळे_सोलापूरकर
बहावा सर, फार उपयोगी. ठिबक करायचं का? बोअरचं पाणी जड आहे, घरातल्या नळांना पांढरा थर बसतो.

बहावा
करा, पण २ किंवा ४ लिटरचे बारीक ड्रिपर घेऊ नका, क्षारानं महिनाभरात बंद पडतात. ताशी ८ लिटरचे घ्या, झाडाला दोन. सुरुवातीला जाळीचा फिल्टर हवा आणि नळीच्या टोकाचं बूच पंधरा दिवसांनी काढून पाणी सोडायचं. नळ्या सहा इंच मातीखाली घाला. उघड्या नळ्या खारी कुरतडतात आणि मुलं ओढतात. रोजचा माळी मिळणार नसेल तर झाडाशेजारी तळाला बारीक भोक पाडून वात घातलेलं दहा लिटरचं मडकं पुरून ठेवणं अजूनही उत्तम. बंद पडलेलं ठिबक कुणाच्या लक्षात येत नाही, रिकामं मडकं येतं.

झोका
खेळण्यांबद्दल. घसरगुंडी पत्र्याची असेल तर आधी तिची जागा बदला. "उत्तरेकडं तोंड करा" असं सगळे सांगतात आणि ते बाकी वर्षभर उपयोगी आहे. पण मेच्या मध्यापासून जुलै संपेपर्यंत सोलापुरात दुपारचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, तेव्हा दिशेनं काही होत नाही. कडुनिंबाच्या सावलीत घ्या किंवा वर शेडनेट बांधा. प्लॅस्टिकची घसरगुंडीही उन्हात तापते आणि काही वर्षांनी तडकते, हे लक्षात ठेवा.

झोक्याला जागा लोकांना वाटते त्यापेक्षा खूप जास्त लागते. वरचा दांडा जमिनीपासून २.४ मीटर असेल तर पुढं ४.८ आणि मागं ४.८ मीटर मोकळं हवं, दांड्याच्या उंचीच्या दुप्पट. या पट्ट्यातून दुसऱ्या खेळण्याकडं जायची वाट असता कामा नये. छोटी मुलं झोक्यामागून पळतात आणि पाट डोक्याला लागतो, खेळण्यांवरचे वाईट अपघात असेच होतात. झोके कोपऱ्यात, बाकीची खेळणी दुसऱ्या बाजूला. एका चौकटीत दोनच पाट.

खाली पेव्हर किंवा काँक्रीट अजिबात नको. रबरी टाइल पातळ असेल तर ती शोभेची. ३० सेंटिमीटर खोल धुतलेली जाड वाळू घाला, कडेला काठ बांधा, आणि खाली पाणी निघून जायला मुरुमाचा थर. बांधकामाची मातकट वाळू पावसात दगडासारखी घट्ट होते. आठवड्यातून एकदा दाताळ्यानं उलथायची, मांजराची-कुत्र्याची घाण, काचा, खिळे तेव्हाच सापडतात. झोक्याखालची वाळू पायानं खणली जाते, ती परत ओढून घ्यायची.

पाइप गॅल्व्हनाइज्ड मागा, नुसते रंगवलेले नकोत. गंज नेहमी जमिनीच्या पातळीला लागतो, जिथं माती ओली-कोरडी होते. तिथं काँक्रीटचा माथा जमिनीपेक्षा दोन इंच वर आणि उतरता ठेवायला सांगा.

ओपन जिम घ्यायचीच असेल तर चार-पाचच यंत्रं घ्या, मुलांच्या जागेपासून वेगळी. ती बंद पडतात ती सांध्यातले बुश (दांड्याभोवतीच्या छोट्या नळ्या) झिजल्यामुळं. पाच रुपयांच्या मालासाठी यंत्र वर्षभर पडून राहतं. पुरवठादाराकडून प्रत्येक यंत्राचे जादा बुश आणि बोल्टचा संच कामातच लिहून घ्या. पाया काळ्या मातीत दीड फुटावर थांबला तर यंत्र डुलायला लागतं, मुरूम लागेपर्यंत खणा.

पेठेतली
दिव्यांबद्दल कुणी बोललं नाही. हायमास्ट नको. एका उंच खांबावरचा झगझगीत दिवा झाडांच्या वरून पडतो, खाली गडद सावल्या करतो आणि डोळे दिपल्यामुळं त्या सावलीत कोण उभं आहे ते दिसत नाही. मुली आणि बायका ज्या कोपऱ्यांवर लाल टिकली लावतात, ते बहुतेक असे सावलीचेच असतात. चार-साडेचार मीटरचे खांब, वाटेच्या कडेनं १२ ते १५ मीटरवर, दिवा खाली तोंड केलेला. झाडं लावायच्या आधी खांबांची जागा ठरवा, नाहीतर पाच वर्षांत फांद्या दिव्याला झाकतील. झुडपं गुडघ्याच्या थोडं वर, दोन-अडीच फुटांत छाटलेली, आणि मोठ्या झाडांच्या फांद्या सात फुटांच्या वर. मधलं सगळं रस्त्यावरून दिसलं पाहिजे. भिंतीऐवजी जाळीचं कुंपण त्यासाठीच.

स्वच्छतागृह बांधणार असतील तर मागच्या कोपऱ्यात नको. फाटकाजवळ, पहारेकऱ्याच्या खोलीला लागून, वर पाण्याची टाकी असेल तरच. पाण्याविना बांधलेलं सहा महिन्यांत कुलूपबंद होतं.

मुरूम
ताईंशी सहमत. बाकांबद्दल एक: संध्याकाळी बसणाऱ्यांचे बाक झाडाच्या पूर्वेला ठेवा, सकाळच्या मंडळींचे पश्चिमेला. उलट ठेवले तर ऐन वेळी ऊन अंगावर येतं. बैठक ४५ सेंटिमीटर, पाठ हवी आणि दोन्ही बाजूंना हात टेकायला दांडे हवेत. म्हातारी माणसं त्या दांड्यांच्या आधारानंच उठतात. नुसते सपाट ग्रॅनाइटचे कट्टे ठेवले तर ती मंडळी येणं बंद करतात.

फाटक. दुचाकी रोखायला फिरतं चक्र लावतात, त्यातून व्हीलचेअर जात नाही आणि पोटुशी बाईही अडकते. ९० सेंटिमीटरची फट ठेवली तर व्हीलचेअर जाते, पण स्कूटरही जाते. त्यातला मार्ग: दोन आडवे कठडे एकापुढं एक, उलटसुलट बाजूंनी, मधे दीड मीटर अंतर. व्हीलचेअर वळते, स्कूटरला उतरून ढकलावी लागते. पायरी असेल तिथं १ ला १२ असा उतार, म्हणजे १५ सेंटिमीटर चढायला १.८ मीटर लांबी.

पेठेतली
पोरं ढकलत नेतातच की ओ.

मुरूम
नेतात. ती पहारेकऱ्यानं सोडवायची गोष्ट आहे. ढकलत आत नेणाऱ्या दोन पोरांसाठी व्हीलचेअर कायमची बाहेर ठेवता येत नाही.

पावसाचं पाणी राहिलं. वर्षाला साधारण साडेपाचशे मिलिमीटर धरा, तर ३००० चौरस मीटरवर साडेसोळा लाख लिटर पडतं. बरंचसं काळी माती आधी पिते आणि मग वरून सोडून देते. सगळ्यात खालच्या कोपऱ्यात, सप्टेंबरात जिथं पाणी साचतं तिथं, शोषखड्डा घ्या: दीड बाय दीड मीटर, मुरूम लागेपर्यंत, किमान दोन मीटर खोल. तळाला मोठे दगड, मग ४० मिलिमीटर खडी, वर जाड वाळू. त्याच्याआधी दोन फूट चौरस गाळाची टाकी हवीच, नाहीतर पहिल्या वर्षात वाळूवर काळ्या मातीची साय येते आणि खड्डा पाणी घेणं बंद करतो. दर मे महिन्यात गाळ काढणं आणि वरची चार इंच वाळू बदलणं कुणी करायचं ते नावानिशी ठरवा. हे पाणी थेट चालू बोअरमध्ये सोडू नका. वरून झाकण, आणि झाकणाला कुलूप.

कागदपत्र
सगळं चांगलं चाललंय, पण पहिली पायरी राहिली. ही मोकळी जागा महापालिकेच्या नावावर झाली आहे का? सातबारा किंवा मालमत्ता पत्रक काढा आणि नगररचना विभागातून मंजूर रेखांकनाची प्रत घ्या. अनेक लेआउटमध्ये मोकळी जागा कागदावर अजून विकसकाच्या नावावर असते आणि मग सार्वजनिक पैसा तिथं खर्च करता येत नाही. निधी येतो आणि परत जातो. हस्तांतर बाकी असेल तर आजच त्याच्या मागं लागा.

रहिवाशांचं म्हणणं झोन कार्यालयात आणि उद्यान विभागात दोन प्रतींत द्या, पोच घ्या. त्यात वस्तूंची यादी देण्याऐवजी मोजणीचे तक्ते, टिकल्यांच्या नकाशाचा फोटो, आणि प्रत्येक मागणीपुढं कारण द्या. अंदाजपत्रक सरकारी दरसूचीवर, म्हणजे कामांच्या ठरलेल्या दरांच्या यादीवर बनतं. त्यात "लॉन" असं एक कलम असतं तसं "४५ सेंटिमीटर खोदाई" हेही असतं, पण मागितल्याशिवाय कुणी घालत नाही. अंदाजपत्रकाची प्रत मिळत नसेल तर माहितीचा अधिकार कायदा २००५ खाली दहा रुपयांच्या अर्जावर मागता येते. कार्यारंभ आदेशात (वर्क ऑर्डर) दोष दायित्वाचा कालावधी, म्हणजे कामातले दोष ठेकेदारानं स्वखर्चानं दुरुस्त करायची मुदत, किती आहे ते बघा आणि संपायच्या एक महिना आधी बागेची पाहणी करून लेखी तक्रार द्या. काम चालू असताना रोज फोटो काढा, विशेषतः जे झाकलं जाणार आहे त्याचे: खोदाईची खोली टेप लावून, मुरुमाचे थर, पायाचे खड्डे. पेव्हर बसल्यावर खाली काय आहे ते कुणालाच सांगता येत नाही.

सुबाभूळ किंवा दुसरं कुठलंही झाड तोडायचं असेल तर महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) वृक्ष संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ प्रमाणं वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. ठेकेदार "साफसफाई" म्हणून तोडून टाकतो, तेव्हा अर्जासोबत सगळ्या झाडांना क्रमांक देऊन नकाशा जोडा.

आणि वीजबिल, बोअरच्या मोटरची दुरुस्ती, पहारेकऱ्याचा पगार कोण देणार, हे उद्घाटनाआधी कागदावर आलं पाहिजे. रहिवाशांनी बाग दत्तक घेतली तरी करारात जबाबदाऱ्या वेगवेगळ्या लिहा.

जुळे_सोलापूरकर
मालमत्ता पत्रक आणि रेखांकनासाठी उद्या अर्ज देतो. बाकी असं ठरवतोय: या महिन्यात मोजणी आणि टिकल्या, पुढच्या महिन्यात म्हणणं दाखल, एप्रिलअखेर बोअर मोजायची, मेमध्ये खड्डे. सगळा निधी एकदम आला नाही तर क्रम काय ठेवायचा? ग्रुपवर ओपन जिम आधी हवी म्हणणारे बरेच आहेत.

मुरूम
जमिनीखालचं सगळं आधी: शोषखड्डा, पाण्याच्या आणि विजेच्या पाइपा, दिव्यांचे पाये. मग वाट, मग झाडं. खेळणी आणि जिम शेवटी. जिम आधी बसवली की पाइप टाकायला तिच्याभोवतीच परत खणतात. वाटेखालून आडवे दोन-तीन रिकामे ११० मिलिमीटरचे पाइप आत्ताच टाकून ठेवा, पुढं काही न्यायचं झालं तर पेव्हर उचकटावे लागत नाहीत.

पेठेतली
आणि जिमवाल्यांना टाळू नका. काय स्वीकारलं, काय नाही आणि का, हे फाटकावर फलकावर लावा, लॉनच्या सात हजार लिटरच्या हिशेबासकट. मग आखणी फक्कीनं (पांढऱ्या भुकटीनं) प्रत्यक्ष जमिनीवर करा आणि आठ दिवस तशीच ठेवा: वाट, झोक्याची जागा, बाक. बाकांच्या जागी घरच्या खुर्च्या ठेवून बघा. लोक फक्कीच्या रेषा सोडून जिथून आडवे जातात तिथं वाट वळवा, कारण काम झाल्यावरही ते तिथूनच जाणार आहेत.

झोका
फक्की मारताना झोक्याच्या पुढची-मागची ४.८ मीटर टेपनं मोजूनच घ्या, पावलांनी नको. जागा कमी पडली तर झोका कमी उंचीचा घ्या: दांडा १.८ मीटरवर असेल तर दोन्हीकडं ३.६ मीटरवर भागतं. लहानग्यांसाठी तोच बरा.